आत्याच्या चुलीवरची भाकरी

संजीवनीने ताटातली भाकरी दोन बोटांनी दाबून पाहिली आणि अभिजीतने हातातला घास परत रश्श्याच्या वाटीत सोडला. भूक त्याला मरणाची लागली होती, पण बायकोची ती दोन बोटं तो चांगली ओळखून होता. अंबरनाथ पूर्वेला डोसा खायला गेलं की ही बोटं डोशाच्या कडेला लागायची आणि मग बाईसाहेब थेट भटारखान्याच्या दारात उभ्या राहून, "पीठ आत्ताच फ्रिजमधून काढलं का हो?" असं विचारायच्या. उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका दाल पकवानवाल्याला तर डाळीत आमचूर कमी असल्याचं तिने इतक्या वेळा सांगितलं होतं, की शेवटी त्याने हात जोडून डावच तिच्यापुढे केला होता.

"संजू, गपचूप खा ना," अभिजीत म्हणाला. "गरम आहे."

"गरम आहे, पण कडा बघा. उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्यात. ही हाताने थापलेली भाकरी नाही."

"मेन्यूत लिहिलंय तसं."

"मेन्यूत तर हे आत्याचं घर आहे असंही लिहिलंय."

हॉटेलचं नाव 'आत्याची चूल'. बदलापूर सोडून वांगणीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आई, आजी, मावशी आणि काकू यांच्या चुली आधीच पेटलेल्या होत्या, त्यामुळे मालकाच्या वाट्याला आत्या आली होती. आत शेणाने सारवल्यासारख्या दिसणाऱ्या टाइल्स होत्या, कंदिलाच्या आकाराचे एलईडी दिवे होते. दारात बैलगाडीचं एक चाक होतं. दुसऱ्या चाकाची आणि बैलांची चौकशी कोणी करत नसे. आणि मधोमध, सगळ्या टेबलांवरून दिसेल अशा बेताने बांधलेल्या ओट्यावर एक चूल होती. तिच्यासमोर लुगडं नेसलेली एक बाई बसून भाकरी थापत होती.

त्या दिवशी संजीवनीही नऊवारीत होती. पुतणीचं, राजसीचं, अंबरनाथला डोहाळेजेवण होतं आणि निमंत्रणात 'पारंपरिक पोशाख आवश्यक' अशी तंबी होती. सगळ्या बायका नऊवारी, नथ, चंद्रकोर अशा थाटात जमल्या आणि जेवायला लाइव्ह पास्ता काउंटर निघाला. अभिजीतने चमचाभर पास्ता खाऊन "हे नक्की कोणाचे डोहाळे?" असं विचारलं आणि बशी खाली ठेवली. म्हणून तो, संजीवनी आणि कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी उन्नती असे तिघं चिखलोलीतलं आपलं घर मागे टाकून, अस्सल काहीतरी जेवायला इतक्या लांब आले होते.

"मी आलेच," म्हणून संजीवनी उठली.

"मम्मी, प्लीज यार," उन्नती फोनमधून डोकं न काढता म्हणाली. पण तोवर मम्मी ओट्यापाशी पोचलीही होती.

चुलीसमोरच्या बाईचं नाव येसू. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून ती रोज कामाला यायची. चुलीत धुरापुरती दोन लाकडं होती, तवा बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि येसू परातीत एक गोळा थापत होती, पुरता थापून झाला की मोडून पुन्हा गोळा करत होती.

"अगं, हे काय? पिठाचं रबर झालंय," संजीवनी म्हणाली.

"होनारच ना ताई. सकालपासून ह्योच गोला हाय," येसू शांतपणे म्हणाली. "थापाचा, मोडाचा, परत थापाचा."

"आणि भाजायची कधी?"

"भाजाची नाय. भाकऱ्या आत मशीनवर व्हतात. मी निसती दिसाला."

संजीवनीचं माहेर मुरबाडकडचं. तांदळाच्या पिठाची उकड काढून केलेली, पापुद्रा सुटलेली भाकरी हा तिच्या दृष्टीने जेवणाचा प्रकार नव्हता, चारित्र्याचा प्रश्न होता.

"तुला येत नाही का गं?"

"येते. पर माझी फुगत नाय. घरी भाकऱ्या माझा नवरा करतो, देऊ. त्याचा हात बेस हाय."

"सरक जरा. आतून ताजं पीठ आण आणि उकळतं पाणी. एकच करून दाखवते तुला."

येसूने तत्परतेने दोन्ही आणून दिलं, लाकडं पुढे सारली, तवा चुलीवर चढवला आणि पाट रिकामा केला. "ताई, तुम्ही बसा निवांत. मी आले," असं म्हणून ती मागच्या दाराने बाहेर पडली. रस्त्यापलीकडे चायनीजची गाडी होती. सकाळपासून धुरात बसलेल्या येसूला मंचुरियनची फार आठवण येत होती.

संजीवनीची पहिली भाकरी तव्यावरून चुलीच्या तोंडाशी आली आणि टम्म फुगली. शेजारच्या टेबलावरचं एक कुटुंब जेवता जेवता उठून बघायला आलं.

"आम्हाला ही दिली ती नको, ही वाली द्या," त्यातले गृहस्थ म्हणाले.

आता एखाद्या सुगरणीला कोणी असं म्हटलं तर ती नाही कशी म्हणेल? संजीवनीने दुसरी टाकली. दुसरी बघून तिसरं टेबल उठलं. मग एक वेटर घाईघाईत आला, बाईकडे न बघताच "मावशी, सातला चार, खिडकीवाल्याला दोन, एक कडक" असं सांगून निघून गेला. भट्टीपाशी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे वेटर बघत नाहीत, त्याच्या हाताकडे बघतात. आणि हात तर उत्तम चालला होता.

"येसू," संजीवनीने दोनदा हाक मारून पाहिली. येसू त्या वेळी शेजवान चटणी जास्त घालायला सांगत होती.

बराच वेळ वाट पाहून अभिजीत ओट्यापाशी आला. तोवर तिथे रांग लागली होती. तो बाजूने पुढे सरकला तसा एका काकांनी त्याला दंडाला धरून मागे घेतलं.

"अहो भाऊ, लाइनीत या. आम्ही काय येडे आहोत?"

"अहो, ती माझी बायको आहे."

"सगळे असंच काहीतरी सांगतात," काका म्हणाले.

अभिजीतने मदतीसाठी टेबलाकडे पाहिलं. उन्नतीने खुर्ची अशी फिरवून घेतली होती, की या कुटुंबाशी तिचा संबंध आहे असं कोणालाही वाटलं नसतं. शेवटी तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. बायकोशी बोलायला निदान तेवढी तरी सोय होती.

इतक्यात हॉटेलचा मालक जितेश आतून आला. त्याचं पूर्वी उल्हासनगरात जीन्सचं दुकान होतं. जीन्सवर मुद्दाम भोकं पाडून ती जुनी केली की जास्त खपते, हे तिथे त्याच्या लक्षात आलं होतं आणि तेच तत्त्व त्याने जेवणाला लावलं होतं. माणूस स्वभावाने चांगला होता. गर्दी बघून तो खूश झाला आणि चुलीपाशी अनोळखी बाई बघून त्याला वाटलं, येसूने बदली पाठवली.

"येसूची कोण तुम्ही? बहीण काय?" त्याने हळू आवाजात विचारलं. "काम एकदम मस्त आहे. फक्त ते नथ काढून टाका. पाड्यावरची वाटत नाही. आणि घड्याळ पण. आत्याकडे स्मार्टवॉच नसतो ना."

"मी गिऱ्हाईक आहे," संजीवनी भाकरी उलटत म्हणाली.

"हां हां, बरोबर, गिऱ्हाईक देवच असतो," जितेश म्हणाला आणि दारातून आत येणाऱ्या एका मुलीकडे धावला. तिच्यासाठीच तो सकाळपासून थांबला होता.

तिचं नाव ऋतिका. ती खाण्याचे व्हिडिओ करायची आणि तिला बघणारे पुष्कळ होते. तिने काठीला लावलेला दिवा थेट संजीवनीच्या तोंडासमोर धरला.

"मावशी, किती वर्षं झाली भाकऱ्या करताय?"

"लग्नाच्या आधीपासून. पण मी गॅसवर करते. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे."

"गॅस नका ना बोलू मावशी. परत घेऊ आपण. चुलीचा धूर डोळ्यात जातो तेव्हा कसं वाटतं?"

"पाणी येतं डोळ्यांत," संजीवनी म्हणाली. तेवढ्यात एक लाकूड धुमसलं आणि खरोखरच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ऋतिकाचे स्वतःचे डोळेही ते बघून भरून आले. तिला हवं ते मिळालं होतं.

येसू ओठ पुसत परतली तेव्हा कुठे संजीवनीची सुटका झाली. गाडीत बसल्यावर तिने लाल झालेले तळवे अभिजीतला दाखवले. नऊवारीला धुराचा वास येत होता, चंद्रकोर ओघळून भुवईपर्यंत आली होती आणि चेहरा मात्र परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरीसारखा होता.

"लोक मागून मागून खात होते हो."

"मीही मागत होतो," अभिजीत म्हणाला. "माझा नंबर यायच्या आत पीठ संपलं."

तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी आला. बासरीच्या सुरावर संजीवनी भाकरी थापत होती आणि खाली ओळी उमटत होत्या: 'पाड्यावरची मावशी. शाळा पाहिली नाही, शहर पाहिलं नाही. तिला फक्त चूल ठाऊक.' एम.कॉम. झालेल्या संजीवनीने तो चौदाव्या मजल्यावरच्या आपल्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून पाहिला. बघेपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवरही पोचला होता.

ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. तेच वाईट होतं. गाडी चुकीच्या जागी लावली तरी तिथे दिवसभर युद्ध पेटायचं. संध्याकाळी लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी बाळाजी काका भेटले. त्यांनी अभिजीतच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली जाईपर्यंत तो काढला नाही.

"नोकरीचं काय, आज आहे उद्या नाही," ते म्हणाले. "वहिनींनी घर सावरलं. कष्टाची लाज वाटायची गरज नाही."

"काका, माझी नोकरी शाबूत आहे."

"असंच म्हणायचं. धीर सोडायचा नाही."

शेजारच्या फ्लॅटमधली उमा तर डबा घेऊनच आली. आत मऊ खिचडी होती, आजारी माणसाला देतात तशी. "संजीवनी, एवढ्या अडचणीत होतात, तर बोलायचंस गं," असं म्हणून तिने हॉलमधल्या टीव्हीकडे, सोफ्याकडे आणि नव्या पडद्यांकडे दुःखाने पाहिलं. हे सगळं आता जाणार, असं तिच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं. संजीवनीने खिचडी चाखली. जिऱ्याची फोडणी जळली होती. दयेपोटी आलेलं अन्न वाईट असलं तर ते किती वाईट लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"आत्ताच्या आत्ता चला त्या हॉटेलवाल्याकडे," ती अभिजीतला म्हणाली.

जितेशने सगळं ऐकून घेतलं आणि खरोखर कपाळाला हात लावला. "मॅडम, सांगायचं ना पहिले. मी तुम्हाला घड्याळ काढायला लावलं. सॉरी, एकदम सॉरी." त्याने दोघांना सोलकढी पाजली आणि त्यांच्यासमोरच फोन काढून खुलाशाचा व्हिडिओ केला. व्हिडिओतल्या मॅडम पाड्यावरच्या नाहीत, चिखलोलीला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये चौदाव्या मजल्यावर राहतात, चांगल्या घरच्या आहेत, हौसेने बसल्या होत्या, असं त्याने हसतमुखाने सांगितलं आणि तो लगेच आपल्या पानावर टाकलाही. संजीवनी समाधानाने घरी आली.

रात्रीचं जेवण होईतो ती पाड्यावरची मावशी राहिली नव्हती, ठग झाली होती. 'चौदाव्या मजल्यावरच्या बाईला गरिबाची चूल हवी?' असं कोणीतरी लिहिलं. 'पाड्यावरच्या माउलीच्या पोटावर पाय' असं दुसऱ्याने लिहिलं. भाकरी न खाताच ती रबरासारखी असल्याचं अनेकांना आठवलं. आदल्या दिवशी डोळे पुसणारी ऋतिका आता 'माझीही फसवणूक झाली' असं सांगत पुन्हा डोळे पुसत होती आणि हा व्हिडिओ पहिल्याहून जास्त चालत होता.

सोसायटीच्या ग्रुपला आता कंठ फुटला. गरिबी एक वेळ चालली असती, पण हे नाटक फार झालं, असं एकमत झालं. उमा जिन्यात भेटली तेव्हा तिने फक्त डबा परत मागितला. वर्धापनदिनाच्या जत्रेत पिठलं-भाकरीचा स्टॉल दर वर्षी संजीवनीचा असायचा. तो काढून घेतल्याचं बाळाजी काकांनी अभिजीतला लिफ्टमध्येच सांगितलं, आणि या वेळी हात खिशात ठेवून सांगितलं.

"वहिनींबद्दल आदर आहेच. पण परंपरेशी खेळणं सदस्यांना आवडलेलं नाही."

संजीवनीने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. अभिजीतने बाहेरून पावभाजी आणली. तिने ती मुकाट्याने खाल्ली, भाजीला एक नावही ठेवलं नाही, आणि अभिजीत खरा घाबरला तो तेव्हा.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात येसू उभी होती.

"येसू? घर कसं सापडलं?"

"त्या शेठनी व्हिडोत सांगितला ना, चिखलोली, चौदावा माला. खाली वॉचमनला विचारला, भाकरीवाली बाई कुठं? त्यानी लगेच दावला."

येसू आत आली, सोफा सोडून जमिनीवर बसायला गेली, मग विचार बदलून सोफ्यावरच बसली. तिची तक्रार साधी होती. खुलाशापासून गिऱ्हाइकांचा आत्यावरचा विश्वास उडाला होता. जो येतो तो येसूसमोर उभा राहतो आणि म्हणतो, खरी पाड्यावरची असशील तर थापून, फुगवून दाखव. तिची फुगत नव्हती. काल एका बाईने तिला सरळ "ही पण डुप्लिकेट आहे" असं तोंडावर सांगितलं होतं, आणि मालक आता अस्सल दिसणारी दुसरी कोणी शोधत होता.

"माझा जन्म पाड्यावर, सासर पाड्यावर," येसू म्हणाली, "आनि मीच डुप्लिकेट. तुमच्यापायी झाला ह्या सगला. आता शिकवा."

संजीवनीला नाही म्हणायला तोंड नव्हतं. शिवाय, कोणीतरी तिच्याकडे शिकायला आलं होतं, आणि ही गोष्ट तिला खिचडीपेक्षा फार बरी वाटली. तिने पदर खोचला आणि उकड काढली.

येसू विद्यार्थिनी म्हणून अवघड निघाली. तिचं लक्ष पिठापेक्षा चिमणीच्या बटणांकडे जास्त होतं. "ह्यो धूर खातो? मग आत्याकडं का नाय लावत?" असं तिने दोनदा विचारलं. तिची पहिली भाकरी नकाशासारखी झाली. दुसरीला मधोमध भोक पडलं. तिसरी तव्याला चिकटली. संजीवनी बाजूच्या शेगडीवर नमुन्यादाखल करत होती आणि तिच्या भाकऱ्या एकामागून एक फुगून टोपलीत पडत होत्या.

"बोटं पसर. ढकलू नकोस, फिरव. पाणी लाव पाणी," संजीवनी सांगत होती. तेवढ्यात उन्नतीने दार उघडलं आणि उमा आत आली. तिला डब्याचं झाकण हवं होतं, ते इथेच राहिलं होतं. वास आला तशी ती सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

समोर लुगडं नेसलेली, कोपरापर्यंत पीठ लागलेली येसू परातीवर वाकली होती. शेजारी संजीवनी तिच्या हातांकडे एकटक बघत उभी होती. टोपलीत पांढऱ्याशुभ्र भाकऱ्यांची चळत होती. उमाला जे समजायचं ते समजलं. तिने न विचारता एक भाकरी उचलली, तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"वा. ही खरी भाकरी," ती म्हणाली. "बघ संजीवनी, याला म्हणतात हात. हे पुस्तकातून येत नाही गं. हे रक्तातच असावं लागतं."

संजीवनीने तोंड उघडलं. तिच्या आईची भाकरी होती ती, तिच्या आजीची होती, आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, तिच्या स्वतःच्या हातची होती. येसू तिच्याकडे बघत होती. हॉलमधून अभिजीतही वर्तमानपत्र खाली करून बघत होता. ती पावभाजी सोडली तर आजवर जेवणाबद्दलचं एकही मत तिने गिळलं नव्हतं. हे गिळताना घशात अडकलं, पण गेलं.

"हो ना," ती म्हणाली. "शिकतेय मी हळूहळू."

"शिकतील," येसू गंभीरपणे म्हणाली. "ताईंचा हात अजून जऱ्यासा जड हाय."

उमा इतकी हेलावली की तिने दोघींचा फोटो काढला. संजीवनीला तिने मागे, मान झुकवून उभं केलं. फोटो ग्रुपवर गेला: 'चूक कबूल करायला मोठं मन लागतं. आपली संजीवनी आता खऱ्या माउलीच्या पायाशी बसून शिकतेय.' खाली टाळ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. थोड्या वेळाने बाळाजी काकांचा फोन आला. स्टॉल परत मिळाला होता. अट एकच होती, भाकऱ्या येसूमावशींच्या देखरेखीखाली व्हाव्यात. जितेशनेही तो फोटो कुठून तरी मिळवून आपल्या पानावर लावला, 'हमारी येसूमावशी, जिच्याकडे शहरातल्या मॅडम शिकायला येतात,' आणि येसूला संध्याकाळी कामावर ये म्हणून निरोप दिला.

उमा गेल्यावर संजीवनी वळली. "माझा हात जड?"

"मग काय सांगाचा व्हता?" येसू म्हणाली. ती आता निवांत होती. तिने ताटात दोन भाकऱ्या घेतल्या, वर लोणच्याची फोड घेतली आणि मन लावून खाल्लं. खाऊन झाल्यावर टोपलीतल्या उरलेल्या भाकऱ्या तिने एकेक करून कागदात घातल्या.

"ह्या नेते. देऊला दावते."

"ने की. पण त्याला काय सांगशील?"

"मी केल्या," येसू म्हणाली.

संजीवनीने ओट्याखालचा खण उघडून एक स्वच्छ फडकं काढलं आणि कागदात त्या मऊ राहणार नाहीत म्हणून स्वतःच नीट बांधून दिल्या.